पिवळं म्हणजे

तलासच्या खोऱ्यात राजमा फुलावर आला होता
आणि मी, बुरुलचा, पाणीवाटप संस्थेची कारकून,
जिल्ह्याला यादी धाडत होते.
तिकडून एर्किनबेकचा निरोप: साध्या रूपात पाठवा,
नुसते स्वल्पविराम चालतील.
संगणकानं विचारलं, या रूपात काही गोष्टी टिकणार नाहीत, ठेवू?
मी ठेव म्हटलं.
मग एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या.
मेली अडगळ, म्हणून थोरली पुसली,
कचराटोपलीही रिकामी केली. मशीन हळू चालतं ना.

सकाळी उघडली तर सगळं पांढरंफटक.
बारा पानांतलं एकच उरलेलं,
फोन नंबरांच्या पुढची शून्यं गळालेली,
ओरोझबेकचा पाऊण हिस्सा, तीन भागिले चार,
तीन एप्रिल होऊन बसलेला.
‘पाळ्या लाव’ असं बटण होतं तिथं आता काहीच नाही,
तरी माझा बाण त्या जागी जात राहिला,
पडलेल्या दाताच्या खाचेत जीभ जावी तसा.

आकडे मात्र शाबूत होते.
अध्यक्षांना मी हे दोनदा सांगितलं.
आणि पाळ्या हातानं लावल्या, अनुक्रमानं, वरून खाली.

तोक्तोबूबू आपाची पाळी आली रात्री अडीचला.
ती आलीच नाही. तिच्या वाट्याचं पाणी
पाट सोडून शाळेच्या पायरीपर्यंत गेलं.
दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात आली. भांडली नाही.
टेबलावर मूठभर वाळलेलं कुरूत ठेवलं
आणि म्हणाली, “मी पिवळी होते, पोरी.”

ती वही सेयितकाझीनं मांडलेली. आठ हिवाळे लागले त्याला.
आता तो नोवोसिबिर्स्कला गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो.
फोनवर आधी शिव्या दिल्या, मग विचारलं,
नावाच्या अगदी शेवटी एम आहे का?
नाही.
मग मॅक्रो गेले. तराजूच्या खोक्यात बघ,
झाकणाला आतून चिकटपट्टी लावली असेल.

होती. तिच्याखाली पेनड्राइव्ह, दोन वर्षांपूर्वीचा,
त्यात तीच फाईल, एमसकट.
वर एक पिवळी पट्टी आली: यात मॅक्रो आहेत,
चालू करायचे का?
या खेपेला मी खुर्चीत सरळ बसून वाचलं, मग हो म्हटलं.

रंग परतले. बटण परतलं.
मला कोड कळत नाही, तरी उघडून बघितला.
परक्या भाषेतल्या आज्ञांच्या मधूनमधून त्याच्या ओळी,
प्रत्येकीआधी एकेरी अवतरणचिन्ह.
त्या चिन्हापुढचं मशीन वाचत नाही, तो म्हणाला,
ते वाचायला माणूस लागतं.

पिवळं म्हणजे दिवसा पाणी. आपाच्या गुडघ्यांना रात्र झेपत नाही.
निळं म्हणजे हे दोघे भाऊ, लागोपाठ देऊ नये,
फावडी निघतात.
करडं म्हणजे माणूस गेला,
बायकोला नाव इतक्यात काढायचं नाहीये.

मधल्या दोन वर्षांचे रंग मात्र कुठंच नव्हते.
दारोदार विचारत फिरले.
तिघांनी छातीठोक सांगितलं, आम्हीही पिवळेच होतो,
आणि माझ्यासमोर टाणकन कुंपणावरून उडी मारून गेले.
त्यांना पांढरं ठेवलंय.

आता रंगाशेजारी एक रकाना केलाय, अक्षरांत, ‘कारण’ नावाचा.
एर्किनबेकनं कितीही साधं मागितलं तरी तो टिकेल.
त्यात मी स्वल्पविराम टाकत नाही.

फक्त ओळ एकेचाळीस.
तिथलं एक घर हिरवं आहे,
कुठल्याच मॅक्रोत त्याचं नाव नाही.
सेयितकाझी बराच वेळ गप्प राहिला, मागं गोदामाचा भोंगा वाजला,
म्हणाला, नाही गं आठवत.
त्या घरापुढच्या ‘कारण’मध्ये मी एकच
एकेरी अवतरणचिन्ह टाकून ठेवलंय.